जाण्याची शक्यता

फेब्रुवारीच्या बारा तारखेला सकाळी शिवांजलीने द्राक्षांचा क्रेट उचलून शेडच्या पायरीवर ठेवला, आणि तिच्या जाण्याची शक्यता चौसष्टवरून एकसष्टवर आली.

हे तिने पाहिलं नाही. तिच्या वडिलांनी पाहिलं. जयवंत जमदाडे शेडच्या दुसऱ्या टोकाला उभा राहून हवेतला ओलावा मोजत होता. खिशातला फोन थरथरला, त्याने काढून पाहिला आणि त्याच्या हातातला खडू खाली पडला.

“आता काय केलंस गं?” तो तिथूनच ओरडला.

“क्रेट उचलला.”

“ठेव खाली!”

“ठेवलाय की, आण्णा. काय झालं?”

जयवंतने फोन खिशात कोंबला. “काय न्हाई. कंबर धरंल म्हणून म्हटलं.”

तासगावहून सावळजकडे जाताना रस्त्याच्या डाव्या हाताला जमदाड्यांची बेदाण्याची शेड लागते. लोखंडी खांब, त्यांवर एकावर एक अकरा मजले जाळ्या आणि चारी बाजूंना हिरवे पडदे. द्राक्षं औषधाच्या पाण्यात बुडवून जाळीवर पसरली की त्यांचा बेदाणा व्हायला पंधरा ते अठरा दिवस लागतात. तेवढे दिवस माणसाने पडदे वर-खाली करायचे आणि आभाळाकडे बघायचं. बाकी त्याच्या हातात फारसं काही नसतं. जयवंत बावीस वर्षं हेच करत होता. रोज सकाळी आणि दुपारी तो शेडच्या मधल्या खांबावर खडूने तापमान आणि आर्द्रता लिहायचा. यंत्रं आली, फोनवर सगळं आपोआप दिसायला लागलं, तरी त्याचा खडू सुटला नव्हता.

शिवांजली त्याची एकुलती एक लेक. वय चोवीस, वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. सहा वर्षांची असताना तिने याच शेडमध्ये बापाला विचारलं होतं, “आण्णा, द्राक्षातलं पाणी नेमकं कुठनं जातं?” जयवंतने “वर” असं उत्तर दिलं होतं. त्या उत्तराने तिचं समाधान झालं नाही ते आजतागायत. द्राक्षाच्या सालीवर मेणाचा पातळ थर असतो, तो फोडून पाणी कसं बाहेर पडतं आणि काही घडांत ते का अडून बसतं, यावर तिला संशोधन करायचं होतं. त्यासाठी तिने परदेशी पाच विद्यापीठांत अर्ज केले. चार ठिकाणांहून नकार आले. उरलं होतं नेदरलँड्समधलं एकच, तिथल्या एका प्राध्यापिकेकडची एकच जागा. मार्चअखेर निकाल लागणार होता.

आता हा शक्यतेचा आकडा काय प्रकार होता, ते सांगायला हवं.

विद्यापीठांचं एक जुनं दुखणं होतं. जागा दिली की विद्यार्थी हो म्हणायचा आणि ऐनवेळी यायचाच नाही. कुणाची आई आजारी पडायची, कुणाचं लग्न ठरायचं, कुणाचा धीर सुटायचा, आणि प्रयोगशाळेतली जागा वर्षभर रिकामी राहायची. २०३५ च्या सुमाराला त्यावर उपाय निघाला. तोवर माणसाचा फोन, मनगटावरचं घड्याळ, घरातली यंत्रं दिवसभर काही ना काही टिपत होतीच. तीन लाख विद्यार्थ्यांच्या अशा नोंदी गोळा केल्या गेल्या, त्यांतलं कोण गेलं आणि कोण राहिलं हे शेजारी मांडलं गेलं, आणि त्यातलं साम्य शोधायला एक संगणकी प्रणाली बसवली गेली. ही प्रणाली शब्द ऐकत नसे, फोटो बघत नसे. कोण कुणाशी किती वेळ बोललं, आवाज चढला की उतरला, कोण किती झोपलं, कोण कुणाजवळ किती वेळ थांबलं, एवढंच ती बघे. मग नव्या अर्जदाराला सांगे, की तुझ्यासारखे शंभर आम्ही पाहिले, त्यांतले इतके घराबाहेर पडले. का पडले, ते तिला ठाऊक नसे. पण शंभरातल्या नव्वद वेळा ती बरोबर निघे.

कायद्याने एक बरं केलं होतं. प्रणाली तुमच्याबद्दल जे सांगेल ते तुम्हालाही दिसलं पाहिजे, असा नियम होता. म्हणून ‘चाहूल’ नावाचं ॲप होतं. त्यात दोन गोल दिसत. पहिला ‘बोलावणं’, म्हणजे विद्यापीठ बोलावील का. गुणांच्या आणि शिफारसपत्रांच्या जोरावर शिवांजलीचा हा गोल अठ्ठ्याऐंशीवर ठाम बसला होता. दुसरा ‘जाणं’, म्हणजे बोलावलं तर पोरगी खरंच जाईल का. हा मात्र तव्यावरच्या पाण्यासारखा नाचत होता. हा गोल चाळिसाच्या खाली गेला तर अर्ज प्राध्यापकांच्या टेबलापर्यंत पोचतच नाही, अशी अर्जदारांत बोलवा होती.

माहिती घ्यायला घरातल्या सगळ्यांची संमती लागे, म्हणून आईबापांच्या फोनवरही चाहूल होती. संमती दिली नाही तरी चालेल असं अर्जात लिहिलेलं होतं. पण ‘चालेल’ म्हणजे कसं चालेल, हे मुलीच्या बापाला कुणी सांगावं लागत नाही.

शिवांजली दिवसातून एकदा बघायची आणि फोन उपडा ठेवायची. जयवंत दिवसातून चाळीस वेळा बघायचा. शेवटी तो खांबावर आर्द्रतेशेजारी तिचाही आकडा लिहू लागला. आर्द्रता ३८, शिवू ६१. आर्द्रता ४१, शिवू ५९. बावीस वर्षं ज्याने हवेतल्या ओलाव्यावरून बेदाण्याचा रंग सांगितला, त्याला दहा दिवसांच्या खडूवरून एवढं कळायला वेळ लागला नाही. ज्या दिवशी ती त्याच्याबरोबर शेडवर राबली त्या दिवशी आकडा खाली. ज्या दिवशी मायलेकी चुलीपुढे बसून हसल्या त्या दिवशी खाली. मैत्रिणीकडे पुण्याला दोन दिवस गेली, तेव्हा आकडा चारने वर.

त्याने हे उज्ज्वलाला, म्हणजे बायकोला, गोठ्याच्या आडोशाला नेऊन सांगितलं.

“आपणच आड यायलोय तिच्या.”

“म्हणजे?”

“म्हणजे घरात गोडीगुलाबीनं ऱ्हायलो की यंत्राला वाटतंय, ही काय घर सोडत न्हाई.”

उज्ज्वला धारेचं भांडं हातात धरून उभी राहिली. “आता लेकीनं घरात हसू बी नये व्हय?”

“एक महिना. मार्च सरूस्तवर. जरा तोडून वागायचं. रागं भरायचं, लांब लांब ऱ्हायाचं. एकदा का तिला जागा मिळाली, की मग काय लाड करायचे ते कर.”

“तुम्हाला जमणार हाय का? कपिली मामाकडं धाडली तवा आठ दिस जेवला न्हवता. गाय हुती ती.”

“न जमायला काय झालं? जगातले निम्मे बाप रोज करत्यात.”

दुसऱ्याच दिवशी त्याने मुहूर्त केला. सकाळी अंगणात येऊन कमरेवर हात ठेवले आणि गरजला, “ही चप्पल मधीच कुणी काढली?”

शिवांजलीने वाकून पाहिलं. “तुमचीच हाय, आण्णा.”

जयवंत क्षणभर गडबडला. पण आता माघार कशी घ्यायची? “माझी असली म्हणून काय झालं? तुला बाजूला सारता येत न्हाई? एवढी शिकलीस आणि एवढं कळंना?”

शिवांजली बघतच राहिली. तिने चप्पल उचलून भिंतीकडेला ठेवली आणि आत गेली. अर्ध्या तासाने फोन थरथरला. एकोणसाठचे बासष्ट झाले होते. जयवंतने ती चप्पल दिवसभर घातली नाही. अनवाणीच शेडवर हिंडला.

मग नवराबायकोला सूर सापडला. जयवंतने लेकीला शेडवर यायची बंदी केली. “बायका हायत्या कामाला, तुझं काय काम हितं?” उज्ज्वलाने तिच्यासाठी जेवायचं थांबणं सोडलं. चोवीस वर्षांत पहिल्यांदा ती लेकीच्या आधी जेवायला बसली, आणि अर्धी भाकरी तशीच ठेवून उठली. हुलग्याची शेंगोळी शिवांजलीच्या जिवाची आवड. ती उज्ज्वलाने महिन्यासाठी बंद केली. संध्याकाळी तिघं ओसरीवर बसून गप्पा मारायचे, तेही थांबलं. जयवंत पोस्टाच्या पेटीसारखं तोंड करून बसायचा. आकडा वाढत गेला. चौसष्ट, सहासष्ट, अडुसष्ट. आकडा वाढला की उज्ज्वलाच्या डोळ्यांत पाणी यायचं, आणि ते आनंदाचं आहे असं ती म्हणायची.

मार्च लागला आणि करायला गेले गणपती, झाला मारुती. अडुसष्टचे एका दिवसात सत्तावन्न झाले. दोन दिवसांनी पन्नास. मग चव्वेचाळीस. जयवंतला काही कळेना. आपला अभिनय कमी पडतोय असं वाटून त्याने एक दिवस भाकरी करपली म्हणून ताट सरकवलं. भाकरी चांगली होती. आकडा एकेचाळीस झाला.

अकरा मार्चला दुपारी तो शेडमध्ये जाळीखाली उभा होता. खांबावर त्याने नुकतंच लिहिलं होतं, आर्द्रता ३६, शिवू ३९. मागून शिवांजली आली. बंदी मोडून आली होती. हातात पाण्याची बाटली आणि त्याच्या जुन्या तपासण्यांची फाइल.

“आण्णा, उद्या सकाळी सांगलीला जायचंय. दवाखान्यात नंबर लावलाय.”

“कुणाचा?”

“तुमचा.”

“मला काय झालंय?”

“तेच विचारायला जायचंय.” तिने फाइल त्याच्या हातात दिली. “तुम्ही सांगणार न्हाई, आई सांगणार न्हाई. पंधरा दिवस झाले, तुम्ही बोलत न्हाई, जेवत न्हाई, पहाटं उठून हिंडता. आई गोठ्यात जाऊन रडती, मी बघितलंय. मी चाहूलला विचारलं, आकडा का पडायलाय म्हणून. त्यात एक पान असतं, आपलं घर कसल्या घरांसारखं दिसतंय ते सांगतं.”

असं पान असतं हे जयवंतच्या गावीही नव्हतं. तिने फोन पुढे धरला. वर एकच ओळ होती: ‘अर्जदाराच्या घराचं साम्य सध्या गंभीर आजार लपवला जात असलेल्या घरांशी आढळतं. अशा घरांतून बाहेर पडणाऱ्यांचं प्रमाण कमी आहे.’

जयवंतने ती ओळ दोनदा वाचली.

“काय हाय ते सांगा, आण्णा. मी लहान न्हाई. आणि मी अर्ज मागं घ्यायलेय. सगळं भरून ठेवलंय, फक्त पाठवायचं ऱ्हायलंय. तुम्हाला असं सोडून मी कुठं जायची?”

“न्हाई!” जयवंत इतक्या जोरात ओरडला, की पलीकडे काम करणाऱ्या बायका थांबून बघायला लागल्या. “पाठवू नगंस. पोरी, मला काय सुदीक झालेलं न्हाई. घोड्यासारखा हाय मी.”

“मग?”

मग त्याने सांगितलं. खांबाकडे बोट दाखवून, खडूच्या ओळी एकेक वाचून सांगितलं. सांगताना त्याला स्वतःलाच ते इतकं खुळ्यासारखं वाटायला लागलं, की शेवटी शेवटी तो खांबाशीच बोलत होता. उज्ज्वला पाण्याची घागर घेऊन आली ती दारातच थबकली.

शिवांजलीने खांबावरच्या ओळी पुन्हा वरपासून वाचल्या.

“चप्पल?” तिने विचारलं.

“ती बी.”

“भाकरी?”

“भाकरी झ्याक हुती.”

तिला हसू फुटलं. हसता हसता ती खाली क्रेटवर बसली आणि मग तोंडावर ओढणी घेऊन रडायला लागली. जयवंत पुढे झाला तसा तिने त्याचा हात झटकला.

“पंधरा दिवस मी विचार करतेय, माझं काय चुकलं म्हणून. चार ठिकाणनं नकार आले तवा सुदीक मला एवढं वाईट वाटलं न्हवतं. तिकडची माणसं मला ओळखत न्हाईत. तुम्ही ओळखता ना?”

जयवंतला स्वतःची लाज वाटली. लेकीच्या वाटेतला काटा काढायला म्हणून गेला होता आणि तोच तिच्या पायात मोडून ठेवला होता. “चुकलं माझं,” तो म्हणाला. चोवीस वर्षांत हे शब्द त्याने घरात कुणाला म्हटले नव्हते. उज्ज्वलाने घागर खाली ठेवली आणि म्हणाली, “माझं बी. पर डोस्कं ह्यांचं हुतं.”

थोड्या वेळाने शिवांजलीने नाक पुसलं. वरच्या जाळीतून एक अर्धवट वाळलेला मणी तिच्या मांडीवर पडला होता. तो बोटात धरून तिने विचारलं, “आण्णा, जाळीवरचा माल तुम्ही रोज हात घालून चाळवता का?”

“खुळी का काय? सारखा हात लागला की डाग पडतो. काळा हुतो.”

“मग काय करता?”

“पडदं बघतो. आभाळ बघतो.” जयवंतला तिचं म्हणणं कळलं तसा तो थांबला.

तिने उठून ओढणीच्या टोकाने खांबावरचा तिच्या नावाचा सगळा रकाना पुसून टाकला. आर्द्रता तेवढी ठेवली. मग मागे घ्यायचा अर्ज तिने बापासमोर खोडला आणि तिघांच्याही फोनवरची चाहूलची थरथर बंद करून टाकली. त्या दिवशी उज्ज्वलाने शेंगोळी केली. जयवंत तीन वाट्या जेवला आणि चौथी लेकीच्या ताटातली ओढली. आकड्याचं काय झालं असेल ते तिघांनाही ठाऊक होतं, आणि कुणीही पाहिलं नाही.

वाट बघणं काही त्यामुळे सोपं झालं नाही. शिवांजली सकाळी उठली की आधी विद्यापीठाचं पत्र आलंय का ते बघायची. ती शेडवर जाऊन पडदे सोडायची, जाळीखाली पडलेले मणी वेचायची, जयवंतला सालीच्या मेणावर व्याख्यान द्यायची. तो हं हं करायचा. मधूनच विचारायचा, “आणि न्हाई म्हणले तर?” ती म्हणायची, “तर पुढच्या वर्षी.” मग दोघंही पुन्हा कामाला लागायचे.

एकोणीस मार्चला दुपारी पश्चिमेकडून आभाळ आलं. बेदाणा वाळायला अजून आठ दिवस हवे होते. आर्द्रता तासाभरात चाळीसवरून त्रेसष्टवर गेली. सगळी माणसं पडद्यांच्या दोऱ्या ओढायला धावली. शिवांजली दोरी हाताला गुंडाळून ओढत होती आणि नेमका तेव्हाच फोन वाजला. नंबर नेदरलँड्सचा होता.

तिने एका हाताने फोन क्रेटवर उभा केला. फोनच्या पडद्यावर करड्या केसांच्या एक बाई दिसल्या. प्राध्यापिका आनेके. त्या त्यांच्या भाषेत बोलत होत्या आणि फोन त्याचं मराठी करून मोठ्याने सांगत होता. मराठी शुद्ध होतं, पण जरा दगडी होतं.

“नमस्कार. मी आपणांस अयोग्य वेळी संपर्क साधला आहे असे दिसते.”

“न्हाई मॅडम, बोला,” शिवांजली दोरी न सोडता म्हणाली.

“आपले संशोधन-टिपण मला अतिशय आवडले. तथापि आपला जाण्याचा निर्देशांक चौतीस आहे. असे अर्ज माझ्यापर्यंत येत नाहीत. टिपण मी आधीच वाचले होते, म्हणून हा मागवून घेतला. माझ्याकडे एकच जागा आहे. आपण आला नाहीत तर ती वर्षभर रिक्त राहील. म्हणून मी यंत्रास न विचारता आपणांस विचारत आहे. आपण येणार काय?”

बाजूच्या बायकांनी ओढायचं थांबवलं. जयवंतच्या हातातली दोरी घट्ट ताणलेली होती.

“आकडा बरोबर आहे, मॅडम,” शिवांजली म्हणाली. “माझ्यासारख्या शंभर मुलींतल्या सहासष्ट जाणार नाहीत. मलाही रोज सकाळी उठल्यावर जावंसं वाटत नाही. इथे माझं सगळं आहे. पण सहा वर्षांची होते तेव्हापासून मला एक गोष्ट विचारायची आहे, की हे पाणी नेमकं कुठून जातं. त्याचं उत्तर इथे कुणाकडे नाही. मी रडत येईन. पण येईन.”

पलीकडे बाई काही लिहून घेत होत्या. मग त्यांनी मान वर केली. “आपल्या मागे उभे असलेले गृहस्थ कोण?”

जयवंतने इकडेतिकडे पाहिलं. आपल्यालाच विचारतायत हे कळल्यावर तो दोरीसकट पुढे आला. “मी बाप हाय तिचा. बाई, त्या आकड्यात थोडी लबाडी माझी हाय.”

“आण्णा, नको,” शिवांजली पुटपुटली. पण तो आता थांबणारा नव्हता. चप्पल, भाकरी, शेंगोळी, खांब, सगळं त्याने सांगून टाकलं. पोरीचा आकडा वाढावा म्हणून आपण तिच्याशी खोटं भांडलो, आणि यंत्राने आपल्यालाच आजारी ठरवलं, हेही सांगितलं. फोन त्याचं भाषांतर करत गेला. मग बाईंचे खांदे हलू लागले.

“प्राध्यापिका हसत आहेत,” फोनने सपाट आवाजात कळवलं.

हसून झाल्यावर बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. “मी शिक्षणासाठी घर सोडले तेव्हा माझे वडील त्यापूर्वी तीन आठवडे माझ्याशी बोलले नव्हते,” त्या म्हणाल्या. “ते माझ्यावर रागावले होते असे मी आजवर समजत होते.” त्यांनी चष्मा परत घातला. “निर्णय समितीचा असतो. मी माझे मत देईन. आपण आता तो पडदा ओढावा, पाऊस येईलसे दिसते.”

पाऊस आला नाही. चार थेंब टाकून आभाळ मिरजेच्या बाजूला सरकलं. पडद्याच्या कडेचा थोडा माल काळवंडला, बाकीचा वाचला. पोरीच्या बाबतीत तेवढंही सांगता येत नव्हतं. मत म्हणजे काय मत देणार, हे बाईंनी सांगितलं नव्हतं.

सत्तावीस मार्चला बेदाणा उतरवायला घेतला. जाळ्या हलवल्या की वाळलेले मणी खालच्या ताडपत्रीवर पडत होते, हिरवट पिवळे. ओल गेली की नाही ते बघायची जमदाड्यांची रीत साधी होती. मूठभर बेदाणा घट्ट दाबायचा आणि मूठ उघडायची. मणी एकमेकांना चिकटून राहिले तर आणखी दोन दिवस. सुटे झाले तर काम झालं. ही परीक्षा दरवर्षी शिवांजली घ्यायची.

तिने मूठ भरून दाबली आणि तेवढ्यात फोन वाजला. विद्यापीठाचं पत्र आलं होतं.

“बघ, बघ आधी!” जयवंत म्हणाला.

“आधी मूठ,” ती म्हणाली. तिने बोटं सावकाश सोडली. मणी तळहातावर सुटे झाले, दोन-चार घरंगळून खाली गेले.

“झालाय,” ती म्हणाली, आणि मग दुसऱ्या हाताने पत्र उघडलं.

वाचून झाल्यावर तिने होकारार्थी मान हलवली. जयवंत मागच्या मागे क्रेटवर बसला. उज्ज्वलाने आधी “आता गं बया” म्हणून तोंडावर हात घेतला आणि मग लेकीला इतकं घट्ट धरलं, की तळहातावरचे उरलेले मणी दोघींच्या मध्ये चिरडले.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तासगावच्या स्टँडवर मुंबईची सकाळची बस उभी होती. शिवांजली खिडकीशी बसली होती. मांडीवरच्या पिशवीत बेदाण्याचे लाडू, हुलग्याचं पीठ आणि तिने नको म्हटलेल्या सात वस्तू होत्या. गेला महिनाभर घरात पाहुण्यांची रीघ होती. मामा आले, मावश्या आल्या, शेडवरच्या बायकांनी ओट्या भरल्या. उज्ज्वला रोज तिच्या उशाशी बसून केसांत तेल घालत होती. तिघांनाही एकमेकांवाचून चैन पडत नव्हतं, आणि ते आता कुणी लपवत नव्हतं.

बस सुटायला पाच मिनिटं होती. जयवंतला राहवलं नाही. विद्यार्थ्याची तिकडे नोंदणी होईपर्यंत चाहूल चालूच राहायची. मार्चनंतर पहिल्यांदाच त्याने ती उघडली. ‘जाणं’ या गोलात आकडा होता अकरा.

तो खिडकीखाली गेला. “शिवू, अकरा दाखवायलंय.”

“दाखवू दे.”

“तसं त्याचं काय चुकलेलं न्हाई.” त्याने फोन खिशात ठेवला आणि चेहरा दुसरीकडे वळवला. “तू अकरा टक्केच जा. बाकीची ऱ्हा हितंच.”

शिवांजलीने खिडकीतून हात बाहेर काढून त्याची बोटं मुठीत धरली. कंडक्टरने घंटा दिली, तेव्हा मूठ तिनेच आधी सोडली. बस स्टँडातून बाहेर पडून पुढच्या वळणाआड गेली, तरी जयवंतच्या खिशातली चाहूल अकराच दाखवत होती.